विद्यार्थी लिहिता कसा होईल?

(मराठीचे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षण विभागातील अधिकारी यांच्या संयुक्त मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'निबंधलेखन व व्याकरण यांचे अध्यापन' असा छापला आहे. तो वाचून पंचायतीच्या काही सदस्यांना, येथे आपले काय काम, असे वाटले असण्याचा संभव आहे. त्यांनी थोडा वेळ बसून राहावे अशी माझी विनंती आहे. कारण वर्गात मुलाचे लेखन खुंटले तर त्याचे परिणाम पुढे गावाच्या कारभारात दिसतात, असे माझे अनुभवाचे मत आहे.

सुरुवात मी एका चुकीपासून करतो. ही चूक विद्यार्थ्याची नाही, माझी आहे.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेत नववीला मराठी शिकवीत होतो. 'माझा आवडता ऋतू' या विषयावर निबंध लिहून आणावयास सांगितले होते. दुसऱ्या दिवशी बेचाळीस वह्या जमा झाल्या. त्यांतील बहुतेकांचा आवडता ऋतू पावसाळा होता. वहीमागून वही उघडावी, तर मोर पिसारा फुलवून नाचत होता, धरणीमातेने हिरवा शालू नेसला होता आणि बळीराजा आनंदला होता. त्या वर्षी आमच्या भागात मृग आणि आर्द्रा कोरडी गेली होती व गावाला टँकरने पाणी येत होते; निबंधांत मात्र त्याचा मागमूस नव्हता. हे निबंध मुलांनी लिहिलेच नव्हते. ते बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिकेतून उतरले होते. त्यांत शुद्धलेखनाच्या चुका कमी असल्यामुळे मी त्यांना दहापैकी सात-सात गुण दिले.

एका मुलाने मात्र आवडता ऋतू उन्हाळा असे लिहिले होते. त्याचे वडील विहिरी खोदण्याच्या व गाळ काढण्याच्या कामावर जात. विहीर आटते तेव्हाच हे काम निघते. म्हणून त्याच्या घरी उन्हाळा हा दोन वेळची चूल पेटण्याचा ऋतू होता. यारीचा दोर रोज सकाळी कसा तपासतात, खाली उतरलेल्या माणसाने दिलेली हाक वरच्या माणसाने परत उच्चारल्याशिवाय गाळाची पाटी का ओढावयाची नसते, झरा लागला म्हणजे पहिली ओंजळ कोणाची असते, हे सर्व त्याने दीड पानात लिहिले होते. गावाला उन्हाळा नको असतो आणि आम्हांला हवा असतो याची मला लाज वाटते, असे त्याचे शेवटचे वाक्य होते.

त्या वहीवर मी एकोणतीस लाल खुणा केल्या. त्यांतील अकरा खुणा एकाच शब्दावर होत्या. त्याने 'विहीरीत', 'विहीरीचा', 'विहीरीवर' असे लिहिले होते. बोलीतील तीन शब्दांखाली रेघा ओढल्या. तळाशी 'लेखन अशुद्ध. सुधारणा करावी' असा शेरा मारला आणि दहापैकी चार गुण दिले. मजकुराविषयी एक अक्षरही लिहिले नाही.

पुढच्या निबंधात त्या मुलाने आठ ओळी लिहिल्या, त्याही पुस्तिकेतल्या. त्यानंतर वर्षभर तो आठ ओळींच्या पलीकडे गेला नाही. कमी लिहिले की कमी चुका होतात आणि दुसऱ्याचे उतरवून घेतले की चुका होतच नाहीत, हा धडा मीच त्याला दिला होता. मुलगा हुशार होता, त्यामुळे तो धडा त्याने लवकर घेतला.

निबंध म्हणजे काय?

मराठीत निबंध हा प्रकार परीक्षेसाठी जन्माला आलेला नाही. १८४८ पासून लोकहितवादींनी 'प्रभाकर' पत्रातून आपली पत्रे लिहिली, ती समाजाला काही सांगावयाचे होते म्हणून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली, तीही याच प्रेरणेने. त्यांच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो, सांगण्यासारखे काही असल्यावाचून त्यांनी लेखणी उचलली नाही, हे सर्वांनाच मान्य होईल.

याहूनही आपल्या कामाचे एक उदाहरण आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झाला. मांग व महार समाजांच्या वाट्याला आलेल्या दुःखांविषयी तिने तो लिहिला होता. ती कोणी नामवंत लेखिका नव्हती. अक्षरओळख होऊन थोडीच वर्षे झालेली एक किशोरवयीन मुलगी होती. आज पावणेदोनशे वर्षे होत आली तरी अभ्यासक तो निबंध वाचतात. तिच्या शिक्षकांनी तिच्या हाती तयार विषय आणि तयार वाक्ये दिली असती, तर तो निबंध जन्मालाच आला नसता. शाळेतील निबंध काय करू शकतो याचे यापेक्षा मोठे प्रमाण मला ठाऊक नाही.

म्हणून मी निबंधाची व्याख्या साधी करतो. स्वतः पाहिलेले किंवा विचार करून ठरविलेले काही, समोर नसलेल्या माणसाला कळेल अशा क्रमाने लिहून दाखविणे म्हणजे निबंध. 'समोर नसलेल्या माणसाला' या शब्दांकडे आपले लक्ष वेधतो. बोलताना ऐकणारा समोर असतो. त्याला समजले नाही तर तो विचारतो, आपण हातवारे करतो, आवाज चढवितो. कागदावर यांतले काहीच नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी वाक्यरचना, विरामचिन्हे आणि शुद्धलेखन यांची गरज निर्माण होते. व्याकरणाची जागा येथे आहे.

अकरा चुका की एक?

आता त्या अकरा खुणांकडे परत येऊ. 'विहीर' हा शब्द त्या मुलाने बरोबर लिहिला होता. अकारान्त मराठी शब्दातील शेवटून दुसरा इकार किंवा उकार दीर्घ लिहावयाचा असतो. मात्र त्या शब्दाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे जे सामान्यरूप होते, त्यात तो ऱ्हस्व होतो. विहीर, पण विहिरीत. जमीन, पण जमिनीवर. गरीब, पण गरिबाला. मूल, पण मुलाला. फूल, पण फुलांचा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत. त्यांत दीर्घ स्वर टिकतो. म्हणून शरीर आणि शरीरात, गीत आणि गीताने.

म्हणजे त्या मुलाच्या अकरा चुका नव्हत्या. एकच चूक अकरा वेळा झाली होती. एवढेच नव्हे, तर ती चूक अज्ञानाची नसून तर्काची होती. मूळ शब्दात दीर्घ आहे, तर प्रत्यय लागल्यावरही दीर्घच राहील, असे त्याने धरले होते. दहा मिनिटांत त्याला नियम सांगता आला असता, आणि त्याच्या निबंधातूनच त्याला सर्व उदाहरणे मिळाली असती. मी त्या वेळी नियम शिकविला नाही, केवळ चुका मोजल्या.

येथे शुद्धलेखनाच्या नियमांविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखनाची पद्धत मात्र दीर्घकाळ वादाचा विषय राहिली. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्यापूर्वी 'नांव', 'पांच', 'घरें' अशा शब्दांवर उच्चार न होणारे अनुस्वार द्यावे लागत. १९६२ च्या नियमांनी ते गेले. आदल्या वर्षापर्यंत जो अनुस्वार न दिल्यास गुण कापले जात, तो पुढे दिल्यास गुण कापले जाऊ लागले. यावरून नियम टाकाऊ ठरत नाहीत. समाजाने परस्परांच्या सोयीसाठी ठरविलेले ते संकेत आहेत, रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्यासारखे. ते पाळलेच पाहिजेत; परंतु ते मुलाच्या बुद्धीचे किंवा योग्यतेचे माप नव्हेत.

एका टिंबाचे मोल

व्याकरणाची उपयुक्तता मुलांना पटवावयाची असेल तर अर्थ बदलणारी उदाहरणे द्यावीत. फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत : 'शेतकऱ्याचे नुकसान झाले' आणि 'शेतकऱ्यांचे नुकसान झाले'. एका अनुस्वाराने एकाचे अनेक होतात. मदतीच्या मागणीच्या ठरावात तो अनुस्वार राहून गेला तर ठराव एका माणसापुरता वाचला जाईल. हे एकदा लक्षात आले की, अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा हा नियम मूल विसरत नाही.

दुसरे उदाहरण वाक्ये जोडणाऱ्या शब्दांचे. 'पाऊस झाला' आणि 'पीक गेले' ही दोन वाक्ये घ्या. 'पाऊस झाला म्हणून पीक गेले' असे म्हटले तर अतिवृष्टी झाली. 'पाऊस झाला तरी पीक गेले' असे म्हटले तर दोष पावसाचा नाही. कीड असेल, रोग असेल, बियाणे असेल. 'पाऊस झाला तेव्हा पीक गेलेले होते' असे म्हटले तर पाऊस उशिरा आला. घटना दोनच, परंतु जोडणारा शब्द बदलला आणि तीन निराळे पंचनामे तयार झाले. उभयान्वयी अव्ययांची यादी पाठ करून घेण्यात जो तास जातो, तो अशा वाक्यांवर खर्च केला तर निबंधातील विचारही आपोआप सुसंगत होऊ लागतो; कारण निबंधातील विस्कळीतपणा बहुधा 'म्हणून', 'कारण', 'तरी', 'परंतु' यांच्या चुकीच्या वापरातून किंवा अभावातून येतो.

विरामचिन्हांचेही तसेच आहे. मराठीत ती रुळविण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. आपल्या जुन्या लेखनात ती नव्हती. वाचणाऱ्याला सोय व्हावी म्हणून ती आली. मुलाला त्याचाच परिच्छेद विरामचिन्हांवाचून मोठ्याने वाचावयास सांगावे. कोठे थांबावयाचे हे त्याला स्वतःलाच कळत नाही, तेव्हा पूर्णविरामाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळतो. खानदेशात मूल अहिराणी बोलत शाळेत येते, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी. वऱ्हाडात, कोकणात, मराठवाड्यात प्रत्येक ठिकाणची मराठी आपापल्या वळणाची आहे. दक्षिणेकडील सीमाभागातील मुले 'आम्ही झाडे लावलो' असे सहज लिहून जातात, कारण घरी तसे बोलतात. आपण त्याखाली लाल रेघ ओढतो आणि 'अशुद्ध' म्हणतो. त्या मुलाला यातून काय कळते? आपली आई अशुद्ध बोलते, एवढेच कळते.

खरे पाहता त्या वाक्यातही नियम आहे. त्या बोलीत क्रियापद काम करणाऱ्याच्या मागे जाते. प्रमाण मराठीत अशा ठिकाणी ते केलेल्या कामाच्या मागे जाते. 'आम्ही झाडे लावली', 'आम्ही खड्डा खणला', 'आम्ही विहीर बांधली'. हाच कर्मणी प्रयोग. घरचे वाक्य आणि शाळेचे वाक्य फळ्यावर शेजारी शेजारी लिहून फरक मुलांनाच शोधावयास लावावा. प्रमाण भाषा शिकविणे हे आपले कर्तव्य आहे. नागपूरच्या माणसाचे पत्र सावंतवाडीच्या माणसाला कळावे यासाठी ती हवीच. परंतु ती घरच्या भाषेला जोड म्हणून द्यावी. घरची भाषा हिसकावून घेऊन तिच्या जागी ती बसवू नये. 'यारी', 'पाटी' यांसारख्या कामाच्या शब्दांना तर प्रमाण भाषेतही दुसरे चांगले शब्द नाहीत. ते शब्द निबंधात आले तर भाषा श्रीमंत होते.

वर्गात काय करावे?

शिक्षकांना व्याख्यानापेक्षा कृतीची अपेक्षा असते, याची मला जाणीव आहे. मी पुढील वर्षांत जी पद्धत अवलंबिली, ती थोडक्यात सांगतो. तिला साहित्य लागत नाही आणि खर्चही नाही.

पहिली गोष्ट विषयाची. विषय मुलाच्या पाहण्यातील असावा आणि नेमका असावा. 'पाण्याचे महत्त्व' या विषयावर मूल पुस्तिका उघडते. 'आमच्या घरी पाणी कोण भरते?' या विषयावर पुस्तिकेत काही सापडत नाही. त्याला स्वतःकडेच पाहावे लागते. वैचारिक निबंधाची सुरुवातही येथूनच करावी. घरी पाणी कोण भरते याचे उत्तर वर्गातील सर्व वह्यांत बहुतेक एकच आले, तर 'हे काम मुलींकडेच का?' हा पुढचा विषय मुलेच सुचवितात.

दुसरी गोष्ट बोलण्याची. लिहिण्यापूर्वी दहा मिनिटे मुलांना आपापसांत, घरच्या भाषेत, विषयावर बोलू द्यावे. जे तोंडाने सांगता येत नाही ते लेखणीने उतरत नाही. त्यानंतर प्रत्येकाने चार-पाच मुद्दे लिहावेत आणि त्यांना क्रमांक द्यावेत.

तिसरी गोष्ट खर्ड्याची. पहिले लेखन हा खर्डा समजावा. त्यावर शिक्षकाने लाल शाई मुळीच वापरू नये. मुलाने तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावा. शेजाऱ्याने दोनच प्रश्न विचारावेत : कोठे समजले नाही आणि आणखी काय ऐकावेसे वाटले? गळलेला शब्द, अर्धवट राहिलेले वाक्य, न जुळणारे क्रियापद या चुका कानाला लगेच कळतात. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कानाने नेहमी पकडता येत नाहीत. त्यासाठी नियमच लागतात.

चौथी गोष्ट त्या नियमांची. एका निबंधाला एकच नियम घ्यावा. या पंधरवड्यात सामान्यरूपातील ऱ्हस्व-दीर्घ, पुढच्या पंधरवड्यात अनेकवचनाचा अनुस्वार, त्यानंतर प्रयोग. नियम फळ्यावर समजावून द्यावा आणि मुलांनी तो आपल्याच खर्ड्याला लावून पाहावा. स्वतः शोधलेली चूक लक्षात राहते. दुसऱ्याने दाखविलेली चूक लाज देऊन विसरली जाते.

पाचवी गोष्ट दुसऱ्या प्रतीची. खर्डा सुधारून लिहिलेली प्रत हीच तपासावयाची. तिच्यावरील शेऱ्यात पहिले वाक्य मजकुराविषयी असावे : तू काय सांगितलेस आणि मला काय नवे कळले. भाषेविषयीची सूचना त्यानंतर यावी. दोन्ही प्रती वहीत राहू द्याव्यात. वर्षाअखेरीस मूल पहिले पान उघडून पाहते तेव्हा आपली प्रगती त्याला कोणी सांगावी लागत नाही.

आता तपासणीच्या भाराचा प्रश्न. पन्नास मुलांच्या वर्गात एका वहीला पाच मिनिटे दिली तर अडीचशे मिनिटे, म्हणजे चार तासांहून अधिक वेळ लागतो. असे तीन वर्ग असलेल्या शिक्षकाने करावे तरी काय? माझा उपाय असा, की सर्व वह्यांवरून केवळ नजर फिरवावी आणि दर आठवड्याला प्रत्येक वर्गातील दहाच वह्या बारकाईने वाचाव्यात. पाच आठवड्यांत पन्नास मुलांची पाळी येते. वरवरच्या खुणांनी भरलेल्या पाच वह्यांपेक्षा शिक्षकाने खरोखर वाचलेली एक वही मुलाला अधिक शिकविते. अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे, की शाळा तपासणीच्या वेळी किती पानांवर लाल शाई आहे हे न पाहता, पहिल्या व दुसऱ्या प्रतीत काय फरक पडला हे पाहावे. तपासणीत जे मोजले जाते तेच शाळांत वाढते.

आज या प्रश्नाला नवी धार आली आहे. पूर्वी पुस्तिका विकत घ्यावी लागे. आता भ्रमणध्वनीवर विषय सांगितला की यंत्र निर्दोष शुद्धलेखनात निबंध लिहून देते. शुद्धलेखनालाच गुण द्यावयाचे ठरविले तर यंत्र सर्वांच्या पुढे जाईल. परंतु घरी पाणी कोण भरते हे त्या यंत्राला ठाऊक नाही. त्यामुळे मुलाने स्वतः पाहिलेल्या गोष्टीचे मोल आता पूर्वीपेक्षा वाढले आहे आणि वर्गात, शिक्षकासमोर लिहिलेल्या खर्ड्याचेही.

गाव आणि कार्यालय

पंचायत सदस्यांना मी थांबवून ठेवले आहे, त्याचे कारण आता सांगतो. ज्याच्या वहीची गोष्ट मी आरंभी सांगितली, तो मुलगा काही वर्षांनी माझ्या घरी आला. तोही वडिलांप्रमाणे विहिरींच्या कामावर जाऊ लागला होता. कंत्राटदाराकडे त्याची आणि आणखी सहा जणांची मजुरी अडली होती. त्याबद्दल अर्ज लिहून द्यावा, असे तो म्हणाला. मी सर्व हकीकत विचारली. कोणत्या तारखेला काम सुरू झाले, किती दिवस चालले, कोणाचे किती रुपये राहिले, हे त्याने एकही आकडा न चुकता, क्रमाने सांगितले. मी म्हणालो, "आत्ता जे बोललास तेच लिही. अर्ज झाला." तो खाली पाहून म्हणाला, "सर, माझं लिहिणं अशुद्ध आहे."

तो माझाच शेरा होता. इतक्या वर्षांनी तो मला परत मिळाला.

मित्रहो, आपल्या गावांत असे किती लोक असतील? त्यांना वाचता येते, हिशेब येतो, बोलता उत्तम येते. परंतु कोऱ्या कागदासमोर ते दुसऱ्याच्या हाताकडे पाहतात. ग्रामसभेत जे तावातावाने बोलले गेले ते इतिवृत्तात दोन ओळींत आटोपते. टँकरच्या मागणीच्या अर्जात गावाविषयी विनम्र विशेषणे असतात, पण किती घरे, किती जनावरे आणि किती दिवस पाणी नाही, हेच राहून जाते. हक्काची गोष्ट लिहून मागता न आल्यामुळे माणूस मध्यस्थाच्या दारात उभा राहतो.

पंचायतीने यात पुष्कळ करता येण्याजोगे आहे. वरच्या वर्गातील मुलांना ग्रामसभा पाहावयास बोलवावे आणि त्यांनी तिचा वृत्तान्त लिहावा. त्यांतील चांगला वृत्तान्त पंचायतीच्या फलकावर लावावा. गावातील जुन्या विहिरी, ओढे, बाजार, कारागीर यांविषयी मुलांनी लिहिलेले निबंध वाचनालयात जपून ठेवावेत. काही वर्षांत गावाचा तो एक दस्तऐवज होईल. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी गुणांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : या महिन्यात माझ्या मुलाने स्वतःच्या शब्दांत काय लिहिले?

अधिकारी मित्रांनाही एक सांगणे आहे. १९६० मध्ये राज्य स्थापन झाले त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. राज्यकारभार लोकांच्या भाषेत व्हावा हा त्यामागील उद्देश होता. परंतु आपल्या सूचना आजही कधी कधी अशा असतात : 'सदरहू विहिरीतील पाणी पिण्यास अयोग्य असल्याने त्याचा वापर करण्यात येऊ नये.' याऐवजी 'या विहिरीचे पाणी पिऊ नका' एवढे पुरेसे नाही काय? शाळेत जाताना मुले ती पाटी रोज वाचतात. न कळणारी भाषा म्हणजे प्रतिष्ठेची भाषा, असा समज त्यांच्या मनात आपणच रुजवितो आणि मग त्यांच्या निबंधांतील पोकळ अलंकारांना नावे ठेवतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपणा सर्वांना त्याचा आनंद झाला आणि तो रास्तच आहे. परंतु भाषेचा दर्जा जसा प्राचीन ग्रंथांवरून ठरतो, तसाच तो आज तिच्यात न भिता लिहिणाऱ्या सामान्य माणसांवरूनही ठरतो. ही माणसे तयार होण्याचे ठिकाण आपल्या वर्गातील तिसऱ्या-चौथ्या बाकावर आहे.

माझी एकच विनंती आहे. या आठवड्यात वह्यांचा गठ्ठा समोर येईल तेव्हा पहिली वही उघडावी, लाल लेखणी टोपण लावून बाजूला ठेवावी आणि निबंध शेवटच्या वाक्यापर्यंत वाचावा. मी त्या दिवशी तसे केले असते, तर उन्हाळा आवडणाऱ्या त्या मुलाला त्याच्या शेवटच्या वाक्याचे उत्तर मला देता आले असते. यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही, एवढेच मला त्याला सांगावयाचे होते. आणि मग 'विहिरीत' यातील दुसरी वेलांटी ऱ्हस्व का, हेही सांगितले असते. त्याने ते आनंदाने ऐकले असते.